नव्या लॅपटॉपला आणखी काय हवे?

नाताळची सुट्टी संपून कॉलेजे पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यातील गोष्ट. बेळगावच्या कॅम्प भागात राहणारे आमचे एक जुने स्नेही सायंकाळी आमच्याकडे आले. एरव्ही दारातूनच हाक मारून थेट आत येणारे हे गृहस्थ त्या दिवशी मात्र व्हरांड्यात थोडा वेळ घुटमळले. काही तरी पैशाचे काम असावे, असे आम्ही मनाशी ताडले. आमचा तर्क निम्मा खरा ठरला. त्यांना पैसे मागावयाचे नव्हते. मुलाला द्यावेत की न द्यावेत, एवढेच विचारावयाचे होते.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहेत. दिवाळीच्या सवलतीत त्यांना एक लाख आठ हजार रुपयांचा लॅपटॉप घेऊन देण्यात आला. ज्याला बाजारात गेमिंग लॅपटॉप म्हणतात त्या जातीचा, म्हणजे जाड, वजनदार आणि रात्री कळफलकाखाली दिवे लागणारा. यंत्राचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरला असलाच लॅपटॉप लागतो, हे मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. आणि त्यावर खेळही उत्तम चालतात, हे त्याने लपवूनही ठेवले नव्हते. पैशांपैकी निम्मे पोस्टातील ठेवीतून काढलेले. आता तीन महिनेही झाले नाहीत, तोच तो आणखी पस्तीस हजार मागत होता. मेमरी दुप्पट करावयाची, मोठी डिस्क बसवावयाची आणि पंखे असलेले एक स्टँड घ्यावयाचे. इकडे धाकट्या मुलीला जूनमध्ये नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश घ्यावयाचा आहे, आणि उरलेली ठेव तिच्या नावाने बाजूला काढलेली.

“मला यातले काही कळत नाही,” स्नेही म्हणाले. “मुलगा खोटे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण यंत्र नवे कोरे असताना ते अपुरे कसे, एवढे मला सांगा.”

प्रश्न साधा होता, पण तो आम्हांला फार मार्मिक वाटला. आम्ही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. स्वतःच्या टेबलावरील यंत्राच्या पोटात दोन-तीनदा हात घातला आहे, आणि एकदा पस्तावलोही आहोत, एवढीच आमची पात्रता. तथापि अशी विचारणा आज पुष्कळ घरांत होत असेल, म्हणून जे आम्ही त्यांना सांगितले आणि पुढे जे घडले ते येथे लिहून काढतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, लॅपटॉप म्हणजे मेजाखाली ठेवावयाचा जुना संगणक नव्हे. त्या संगणकाची बाजू उघडून आज एक भाग, उद्या दुसरा भाग बदलता येत असे, आणि अजूनही येतो. लॅपटॉपमध्ये मात्र ज्या दोन भागांवर खेळाचा सारा डोलारा उभा असतो, ते प्रोसेसर व ग्राफिक्स चिप हे दोन्ही मुख्य फलकावर कायमचे डाख लावून बसविलेले असतात. ते काढता येत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी आपण दुकानात पैसे मोजतो, त्याच दिवशी यंत्राची खरी ताकद ठरून जाते. नंतर कितीही पैसे ओतले तरी ती वाढावयाची नाही.

ताकद ठरते म्हणजे कशी ठरते, याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. एनव्हिडिया कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ४०६० नावाची ग्राफिक्स चिप जाहीर केली. तिला किती वीज पुरवावयाची, हे लॅपटॉप बनविणाऱ्यावर सोपविलेले आहे. ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही. पातळ लॅपटॉपात तीच चिप अर्धपोटी राहते, जाड लॅपटॉपात पोटभर जेवते. खोक्यावर नाव मात्र दोहोंच्या एकच! दोन मित्रांनी एकाच नावाची चिप घेतली आणि एकाचा खेळ सुरळीत, दुसऱ्याचा अडखळत चालला, तर दुसऱ्याने मेमरी वाढवून काय होणार? म्हणून ज्यांनी अद्याप खरेदी केलेली नाही, त्यांनी नावाकडे कमी आणि वॅटच्या आकड्याकडे अधिक पाहावे. हा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रकात सापडतो. दुकानदार तो आपण होऊन सांगेलच असे नाही.

ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. डेल कंपनीच्या एलियनवेअर शाखेने जानेवारी २०१९ मध्ये ‘एरिया-५१एम’ नावाचा लॅपटॉप पुढे आणला. त्यात मेजावरील संगणकाचा प्रोसेसर खाचेत बसविलेला होता आणि ग्राफिक्सही सुट्या कार्डावर होते. भाग बदलता येतात, हीच त्याची मोठी जाहिरात. पुढल्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातील नव्या पिढीच्या प्रोसेसरची खाच निराळी असल्यामुळे तो जुन्या यंत्रात बसेना. आपली फसगत झाली असे म्हणत २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका ग्राहकाने कंपनीवर दावा लावला. याच्या उलट, फ्रेमवर्क नावाच्या एका लहान अमेरिकन कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सोळा इंची लॅपटॉपची गोष्ट. त्याच्या पाठीमागे ग्राफिक्सचा सुटा भाग जोडावयाची सोय होती. आणि २०२५ मध्ये कंपनीने खरोखरच नवीन चिपचा भाग काढला, जो जुन्या यंत्रातही बसतो. पण असे यंत्र अपवादच म्हणावयाचे. आमच्या स्नेह्यांच्या घरातील लॅपटॉप हा बहुसंख्यांपैकी एक. त्यात बदलण्यासारख्या वस्तू दोनच, मेमरी आणि डिस्क.

मग या दोहोंची गरज आहे की नाही, हे कसे ठरवावे? येथेच बहुतेक मंडळी चुकतात. खेळ अडखळला की वर्गातील एक मित्र सांगतो, “रॅम वाढव.” दुसरा सांगतो, “डिस्क बदल.” तापाचे कारण न शोधता दोन औषधे एकदम देण्यासारखाच हा प्रकार. वास्तविक एका वेळी यंत्रातील एकच भाग इतरांना अडवून धरीत असतो. तो कोणता, हे यंत्र स्वतःच सांगते. त्याला विचारावयास पैसे पडत नाहीत.

म्हणून त्या रविवारी दुपारी आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो. चिरंजीवांनी “या काका” म्हणून स्वागत केले खरे, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरून आमच्या येण्याचा हेतू त्यांना उमगला होता हे दिसत होते. आम्ही त्याला म्हटले, “आम्ही नाही म्हणावयास आलो नाही. तुझे यंत्र कुठे अडते ते आम्हांला दाखव, एवढेच.” तो मोकळा झाला. मुले आपले म्हणणे समजून घेणाऱ्याजवळ किती भराभर बोलू लागतात!

त्याने खेळ सुरू केला. तो खरोखरच अडखळत होता. मग आम्ही विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावयास सांगितले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोण किती राबत आहे ते दिसते. ग्राफिक्स चिप शंभर टक्क्यांच्या जवळपास राबत असेल, तर यंत्र आपल्या पूर्ण ताकदीने चालले आहे असे समजावे. तेथे मेमरी वाढवून फारसा लाभ नाही. मेमरी शेवटच्या टोकाला टेकली असेल आणि डिस्क सारखी धडपडत असेल, तर मेमरी अपुरी आहे. दोन्ही नसेल, तर गोम तिसरीकडे असते. मेमरी अर्धी-अधिक भरलेली दिसली म्हणून घाबरू नये, हेही सांगावयास हवे. मोकळी मेमरी विंडोज स्वतःच्या सोयीसाठी वापरीत असते.

या घरी मेमरी सोळा जीबीपैकी अकरा भरलेली होती. ग्राफिक्स चिप साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. अर्थात ती दमलेली नव्हती. तिला कोणी तरी रोखून धरले होते. लॅपटॉपबरोबर आलेले कंपनीचे सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा उलगडा झाला. यंत्र ‘सायलेंट’ पद्धतीवर ठेवलेले होते. असे का, म्हणून विचारले तेव्हा चिरंजीव थोडे लाजले. त्याच खोलीत आजी झोपतात. रात्री पंख्यांची घरघर सुरू झाली की त्या “ते विमान बंद कर” म्हणून ओरडतात. म्हणून त्याने दिवाळीतच एकदा आवाज कमी केला होता, आणि नंतर तो विसरून गेला होता. पंखे हळू फिरावेत म्हणून यंत्र स्वतःची वीज कमी करते, आणि वीज कमी झाली की वेगही कमी होतो. हा तर सरळ हिशेब.

इतकेच नव्हे, तर विंडोजच्या मांडणीत पडद्याचा वेग सेकंदाला साठ चित्रांवर ठेवलेला निघाला. पडदा तर १४४ चित्रांचा! साठच्या वेगाने एक चित्र सुमारे सतरा मिलिसेकंद टिकते, १४४ च्या वेगाने सातहून कमी. ज्या पडद्यासाठी बाबांनी जास्त पैसे मोजले, तो तीन महिने अर्ध्याहून कमी वेगाने वापरला जात होता. दोन्ही गोष्टी बदलल्या आणि चार्जर जोडलेला आहे याची खात्री करून घेतली, कारण असली यंत्रे नुसत्या बॅटरीवर आपला पूर्ण वेग कधीच देत नाहीत. तोच खेळ पुन्हा सुरू केला. मुलगा काही बोलला नाही. पण पंधरा मिनिटे तो आम्हांला विसरून गेला, यावरून आम्ही काय ते समजलो. शेजारच्या खोलीतून आजींचे विमानही ऐकू आले.

पंखे असलेल्या स्टँडचा प्रश्न त्याच बैठकीत सुटला. लॅपटॉप पलंगावर ठेवून खेळण्याची सवय होती. गादीने खालची हवेची छिद्रे बुजत. तो टेबलावर आणून मागच्या बाजूला एक जाड पुस्तक दिले, तेव्हा खालून हवेला वाट मिळाली. तेवढ्याने तूर्त भागले.

डिस्कचे गाऱ्हाणे मात्र अगदीच निराधार नव्हते. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेले. विंडोज ती ४७६ दाखविते. ही लबाडी नव्हे. बनविणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच फरक. त्यात विंडोजचा स्वतःचा संसार आला, आराखड्यांचे सॉफ्टवेअर आले. आणि आजचे खेळ पाहा: २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ एकटाच १५० जीबी जागा मागतो, ‘सायबरपंक २०७७’ सत्तर. चिरंजीवांनी असे पाच खेळ ठेवले होते. त्यांपैकी खेळत किती होते? दोन. विकत घेतलेला खेळ काढून टाकला तरी तो खात्यावर राहतोच, हवा तेव्हा पुन्हा उतरवून घेता येतो. फक्त इंटरनेटला थोडा वेळ लागतो. तीन खेळ काढले, दीडशेहून अधिक जीबी मोकळी झाली. पुढेमागे डिस्क घ्यावीच लागली, तर यंत्रात दुसरी रिकामी जागा आहे की नाही ते प्रथम पाहावे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ती असते, आणि मग जुनी डिस्क काढून टाकण्याचे कारण उरत नाही. सर्वांत वेगवान आणि महाग डिस्कच घेतली पाहिजे, हा आग्रहही धरू नये. तिसऱ्या पिढीची डिस्क सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचते, चौथ्या पिढीची सुमारे सात हजार. परंतु खेळ उघडावयास लागणाऱ्या वेळात हा दुपटीचा फरक क्वचितच जाणवतो. जागा किती मिळते, तेच पाहावे.

आता राहिली मेमरी. येथे मात्र मुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा भरल्या आहेत ते लिहिलेले असते. तेथे ‘दोनपैकी एक’ असे होते. म्हणजे कंपनीने सोळा जीबीची एकच पट्टी घालून दुसरी खाच रिकामी ठेवली होती. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी येते. डीडीआर५ जातीची ४८०० वेगाची एक पट्टी सेकंदाला ३८.४ जीबी माहिती वाहू शकते. दोन असल्या तर ७६.८. अरुंद पुलावर गाड्या खोळंबतात, तसे प्रोसेसरचे होते. ज्या खेळांत ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरच अधिक राबतो, तेथे हा फरक दिसतो, आणि मोठ्या आराखड्यांना जागाही मिळते. मागितलेल्या सर्व वस्तूंत पैसे देण्याजोगी वस्तू आमच्या मते एवढी एकच.

परंतु वेळ वाईट होती. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत मेमरीच्या किमती पाहता पाहता दुपटीच्याही वर गेल्या. जगात मेमरी बनविणारे मोठे कारखानदार तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड संगणकगृहे उभारली जात आहेत, त्यांना लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक. म्हणून कारखाने तिकडे वळले आणि सामान्य माणसाच्या वाट्याला टंचाई आली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ या नावाने चालणारी आपली किरकोळ ग्राहकांची विक्रीच बंद करण्याचे जाहीर केले. चाळीस रुपयांचा कांदा शंभरावर गेला की आपण एक आठवडा कांद्याविना काढतो; पण कांदा पुन्हा उतरतो हे आपल्याला ठाऊक असते. मेमरी केव्हा उतरेल, याची खात्री कोण देणार? थांबावे तर दर आणखी चढेल ही धास्ती, घ्यावी तर गरजेवाचून दुप्पट पैसे गेल्याचा पश्चात्ताप. दिवाळीत स्नेह्यांनी आम्हांला विचारले असते, तर तेव्हाच दुसरी पट्टी घालून घ्या असे आम्ही सांगितले असते. विचारले नाही, आणि आम्हांलाही आपण होऊन सांगण्याचे सुचले नाही. असो.

त्या दिवशी आम्ही बाप-लेकांपुढे एकच तोड ठेवली. एक महिना मुलाने वहीत नोंद करावी. कॉलेजचे काम करताना किंवा खेळताना मेमरी सर्वांत जास्त किती भरली, आणि त्या वेळी काय काय उघडे होते. महिन्याअखेर वही बाबांना दाखवावी. बाबांनी कबूल केले. मुलाने आधी तोंड वाकडे केले, मग तोही कबूल झाला. मध्यंतरी यंत्र उघडावयाचे नाही, हेही ठरले. नव्या यंत्रात एखादा मूळचा दोष असेल तर तो पहिल्या काही महिन्यांतच वर येतो. त्याआधी आपण झाकण उघडून बसलो, तर दोष कंपनीचा की आपला, हा वाद उभा राहतो. मेमरी किंवा डिस्क वाढविल्याने वॉरंटी जातेच असे नाही. पण उघडताना आपल्या हातून जे मोडेल ते वॉरंटीत येत नाही. कंपनीचा नियम आधी वाचावा. आम्ही पस्तावल्याचे वर म्हटले ते याच बाबतीत: झाकणाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या कड्या आम्ही घाईने ओढून तोडल्या होत्या, आणि बॅटरीची जोडणी काढावयाची असते हे आम्हांला नंतर कळले.

फेब्रुवारीच्या मध्यास स्नेही वही घेऊन आले. मुलाने ती प्रामाणिकपणे लिहिली होती. एकवीस नोंदी. खेळताना मेमरी एकदाही तेराच्या वर गेली नव्हती. हेही त्याने जसेच्या तसे लिहिले होते. त्याचा आम्हांला आनंद वाटला. परंतु गियरबॉक्सचा पूर्ण आराखडा उघडून त्यावर भाराची चाचणी लावली, त्या चारही वेळा आकडा साडेपंधरापर्यंत गेला होता, आणि एकदा सॉफ्टवेअर मध्येच बंद पडून दोन तासांचे काम गेले होते. “म्हणजे खेळासाठी नको, पण अभ्यासासाठी हवी,” स्नेही म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा अपराधी भाव होता.

पस्तीस हजारांची यादी आता एका पट्टीवर आली होती. मुलगा शेजारच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेतो. निम्मे पैसे त्याने त्यातून देऊ केले. मुलीच्या ठेवीला हात लावावा लागला नाही. घेताना जात, आकार आणि वेग जुन्या पट्टीशी जुळवून घेण्यास आम्ही सांगितले होते. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, आणि निरनिराळ्या वेगांच्या दोन पट्ट्या घातल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. त्यासाठी टास्क मॅनेजरच्या पानाचा फोटो काढून नेला होता.

दुकानदाराने त्यांच्यासमोरच झाकण उघडले, बॅटरी सोडविली, पट्टी तिरकी धरून खाचेत सरकविली आणि खाली दाबली. टक् असा आवाज झाला. सारे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. लॅपटॉप सुरू करून ‘दोनपैकी दोन’ दाखविले, बिल दिले. बोटाएवढ्या लांबीच्या त्या हिरव्या पट्टीचे रिकामे वेष्टन स्नेह्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“एवढीशीच?” त्यांनी मुलाला विचारले.

“एवढीशीच, बाबा,” तो म्हणाला, आणि वेष्टन त्याने बिलाबरोबर वहीत घालून ठेवले.